ओकच्या सावलीत हिरवळीऐवजी पेनसिल्व्हेनिया सेज लावावे का?

प्रश्न : न्यू जर्सीतील आमच्या घरामागे दोन जुने ओक वृक्ष असून त्यांच्या कोरड्या सावलीत हिरवळ दरवर्षी विरळ होत जाते. तेथे पेनसिल्व्हेनिया सेज (sedge, Carex pensylvanica) ही गवतासारखी स्थानिक वनस्पती लावावी का? ती लव्हाळ्याच्या कुळातील आहे, हे कळल्यापासून शेतात वाढलेले माझे वडील साशंक आहेत.

उत्तर १ : वडिलांची शंका स्वाभाविक आहे, परंतु कुळ एक असले तरी ही वनस्पती लव्हाळ्यासारखी गाठींनी शेत व्यापत नाही, तिची भूमिगत खोडे सावकाश सरकतात आणि १५ ते ३० सेंटिमीटर उंचीची मऊ, झुकलेली पाने जमीन झाकतात. बियांची उगवण बेभरवशाची असल्याने रोपेच आणून सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. खड्डे लहान घ्यावेत, म्हणजे ओकची मुळे दुखावणार नाहीत.

उत्तर २ : पहिल्या वर्षी पाणी आणि खुरपणी चुकवू नये, कमी देखभालीचे सुख त्यानंतरचे. हरणे तिला सहसा तोंड लावत नाहीत. मात्र सततची वर्दळ तिला सोसत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर फरश्या टाकून उरलेल्या जागेत रोपे लावतो.