दुधाचा एसएनएफ (फॅट नि पाणी सोडून उरलेला घन भाग) ८.२ टक्के लागतोय, दर कापतात. धोरण कुठं बदलायला हवं?

चार एचएफ (होल्स्टिन) गायी, रोजचं ५५ लिटर. दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला, खाली गेलं की पॉइंटमागे (०.१ मागे) कपात. काल कॅन पाऊण तास उन्हात, झाकण उघडलं तर आंबूस वास. २०२४ ला लिटरमागे ५ रुपये सरकारी अनुदान आलं, पण कानात टॅग नसलेल्या दोन गायींचं बुडालं.

— दादा, अनुदान येतं नि जातं. सरकारनं गावातच बल्क कूलर (दूध थंड करणारी मोठी टाकी) द्यावा. दूध लगेच ४ अंशांवर आलं की लवकर नासत नाही.

— आणि मिल्कोमीटर, फॅट-एसएनएफ मोजणारं यंत्र? वजनकाट्यासारखीच त्याचीही तपासणी व्हावी, आपल्यासमोर.

— हेच! माझंच दूध दोन केंद्रांवर ८.२ नि ८.४ लागलं. उद्या आधी टॅग मारून घेतो.