जीईटी म्हणून मोठ्या वाहन कंपनीत रुजू होतेय: असेंब्ली, क्वालिटी की मेन्टेनन्स?

शेवटचं_सेमिस्टर

मेकॅनिकल, यंदा पास आउट. चाकणच्या एका मोठ्या वाहन कंपनीचं कॅम्पसमधून ऑफर लेटर आलंय, जुलैत रुजू व्हायचंय. पद जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी), सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ६ लाख, त्यातले १० टक्के व्हेरिएबल. जॉइनिंग फॉर्ममध्ये पसंती विचारलीय: असेंब्ली शॉप, क्वालिटी किंवा मेन्टेनन्स. डिझाइन हा पर्यायच नाही.

रोज नक्की काय काम असतं? काय चुकलं की नवीन माणूस गोत्यात येतो? आणि हातात किती पडतील? "मोठी कंपनी आहे, डोळे झाकून जा" असं सांगणारे घरात भरपूर आहेत, त्यामुळे इथे तपशील सांगावा ही विनंती.

तिसरी_पाळी

डिझाइन नाही म्हणून हळहळू नका. कारखान्यात ड्रॉइंग येतं, तिथे बनत नाही.

असेंब्लीचं गणित आधी डोक्यात बसवा. शिफ्टची ४८० मिनिटं, त्यातून जेवणाची ३० आणि दोन चहाची २० वजा केली की उरली ४३०. टार्गेट २१५ गाड्या असेल तर टॅक्ट टाइम, म्हणजे एका गाडीला मिळणारा वेळ, २ मिनिटं. लाईन ७ मिनिटं थांबली की साडेतीन गाड्या गेल्या, आणि कुठल्या स्टेशनमुळे गेल्या हे दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या मीटिंगमध्ये मिनिटांच्या हिशेबाने विचारतात. गाड्या बांधतात ऑपरेटर, आणि ते तुमच्यापेक्षा कितीतरी चांगल्या बांधतात. तुमचं काम एवढंच की प्रत्येक स्टेशनला पार्ट, टूल आणि माणूस वेळेवर हवा, आणि यातलं एखादं नसेल तर दोन मिनिटांच्या आत निर्णय हवा.

शिफ्ट सुरू व्हायच्या २० मिनिटं आधी पोचा आणि चार्ज नीट घ्या. शॉर्टेज कशाचं, पार्टअभावी ऑफलाइन किती गाड्या उभ्या, कुठलं टूल बायपास केलंय. हे शेवटचं मुद्दाम विचारा, आपणहून कोणी सांगत नाही. मग हजेरी. तीन माणसं कमी असतील तर रिलीव्हर (बदली माणूस) कुठे लावायचा ते स्किल मॅट्रिक्स बघून ठरतं. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे चार भागांचं वर्तुळ असतं. एक भाग भरलेला म्हणजे शिकतोय, तीन म्हणजे एकटा काम करू शकतो, चारही भरले की दुसऱ्याला शिकवू शकतो. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या स्टेशनला तीनपेक्षा कमीचा माणूस उभा केलात तर ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवणार.

शॉर्टेजबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नवीन लोक इथेच अडकतात. बरेचदा पार्ट कंपनीच्या आवारात असतो, फक्त सॅपमध्ये (साठ्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) भलत्याच जागी दिसतो. त्यात प्रत्येक हालचालीला कोड असतो: माल आत आला की १०१, एका स्टोअर लोकेशनमधून दुसऱ्यात गेला की ३११, ऑर्डरवर खर्ची पडला की २६१. घाईत कोणी ३११ न मारता ट्रॉली ओढून आणतं. सिस्टिम म्हणते स्टोअरला ४० नग आहेत, रॅक असतो रिकामा, आणि प्लॅनिंगला वाटतं साठा आहे, म्हणून पुढची ऑर्डर जात नाही. स्क्रॅपचंही तसंच. पार्ट रेड बिनमध्ये मेलेला, पण ५५१ (स्क्रॅपचा कोड) झालं नाही तोवर सिस्टिममध्ये जिवंत. त्यामुळे स्क्रॅप नोट त्याच शिफ्टला करायची, उद्यावर टाकायची नाही.

आणि मदत म्हणूनसुद्धा स्वतः नटरनर (नट आवळायचं यंत्र) उचलून बोल्ट मारायला जाऊ नका. युनियन असलेल्या शॉपमध्ये स्टाफने ऑपरेटरचं काम करणं हे भांडणाचं कारण होतं, शिवाय त्या स्टेशनच्या मॅट्रिक्सवर तुमचं नाव नसतं. कामाची वाटणी बदलायची तर लाईन लीडरला सांगा, आणि ऑपरेटर वयाने लहान असला तरी अहो-जाहोच करा.

मायक्रोमीटर

वरचं सगळं बरोबर आहे. फक्त क्वालिटी म्हणजे शेवटी उभं राहून गाडी तपासणं, ही समजूत काढून टाका. क्वालिटीचा इंजिनिअर कारण शोधतो आणि ते कागदावर टिकेल असं मांडतो.

एक उदाहरण घ्या. चाकाचा नट ढिला निघाल्याची तक्रार आली. स्पेसिफिकेशन ११० न्यूटन मीटर. रेंच तपासला, बरोबर ११० ला "टक" वाजतो. मग चूक कुठे? आपण लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. आट्यांवर रंगाचा थर किंवा धूळ असेल तर घर्षणच जास्त खातं. "टक" वेळेवर वाजतो, पण बोल्ट पुरेसा ताणलेला नसतो. आट्यांवर तेल असेल तर उलटं: त्याच ११० ला बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. म्हणून फक्त रेंचच्या कॅलिब्रेशनचा कागद जोडून तक्रार बंद करता येत नाही. बोल्टच्या प्लेटिंगचा लॉट, पेंट शॉपचं मास्किंग, हबचा बसायचा पृष्ठभाग, सगळं बघावं लागतं.

हे सगळं एट-डीमध्ये, म्हणजे तक्रार सोडवायच्या डी-क्रमांकांच्या पायऱ्यांच्या अहवालात, लिहायचं असतं. डी-३ म्हणजे आधी आग विझवणं: लाईनवर किती गाड्या, यार्डात किती, वाटेत किती, डीलरकडे किती, हे आकडे वेगवेगळे द्या. "सर्व तपासले" असं लिहिलं की फाईल परत येते. डी-४ मध्ये दोन कारणं हवीत: दोष का झाला आणि तो आपल्या हातून सुटला का. दुसरं बहुतेक जण विसरतात. "ऑपरेटरची चूक, ट्रेनिंग दिलं" हे उत्तर कुठलाही शहाणा साहेब घेत नाही. पाचही नट पूर्ण झाल्याशिवाय कन्व्हेअर सुटणार नाही असं इंटरलॉक लावलं, हे उत्तर. मग डी-७ मध्ये पीएफएमईए (प्रक्रियेत काय चुकू शकतं याचा तक्ता), कंट्रोल प्लॅन (काय आणि कसं तपासायचं ते) आणि वर्क इन्स्ट्रक्शन या तिन्हींत बदल करा. एकात केला आणि दोन राहिले तर पुढच्या आयएटीएफ (वाहन उद्योगाचं क्वालिटी मानक) ऑडिटमध्ये एनसी (त्रुटीची नोंद) ठरलेली.

जीईटीला पहिल्या सहा महिन्यांत बहुधा सप्लायरच्या पीपॅप (पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं) फायली चाळायला देतात. त्यात १८ घटक असतात आणि कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर लेव्हल ३ (किती कागद सादर करायचे त्याची पातळी). गेज आर अँड आर (मोजमापातला गेजमुळे आणि मोजणाऱ्यामुळे पडणारा फरक) १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, १० ते ३० मध्ये असेल तर कारण विचारा, ३० च्या वर असेल तर नाकारा. आणि तीसच्या तीस रीडिंग अगदी गुळगुळीत दिसली तर ती गेजने घेतलेली नाहीत, ऑफिसात बसून लिहिलेली आहेत. खऱ्या मोजमापात थोडा खरखरीतपणा असतोच.

शेवटचं_सेमिस्टर

खूप उपयोगी, दोघांचेही आभार. पैशाचं कोणी सांगेल का? आणि एचआर मूळ मार्कशीट आणायला सांगतंय.

फॉर्म_सोळा

६ लाख धरून मांडतो. बेसिक ५० टक्के, म्हणजे महिना २५,०००. कंपनीचा पीएफ १२ टक्के: वर्षाला ३६,०००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के (१५ भागिले २६ भागिले १२, तिथून हा आकडा येतो): १४,४३०. व्हेरिएबल ६०,०००. हे सगळं वजा केलं की ४,८९,५७० उरतात, म्हणजे महिन्याला सुमारे ४०,८००. त्यातून तुमचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). बस आणि कँटीनचे ८०० धरले तर हातात ३६,८०० च्या आसपास. नव्या कररचनेत या पगारावर आयकर शून्य. कंपनीने विम्याचा हप्ता आणि बसचं अनुदानही सीटीसीत घातलं असेल तर आकडा आणखी खाली येईल, म्हणून ऑफर लेटरची अ‍ॅनेक्शर ओळ न ओळ वाचा.

ग्रॅच्युइटी सीटीसीत दिसते, पण पाच वर्षांच्या आत राजीनामा दिलात तर मिळत नाही. व्हेरिएबल रेटिंगवर आणि कंपनीच्या निकालावर असतं. पहिल्या वर्षी ते अर्धंच येईल असं धरून घरभाडं ठरवा.

पीएफमधली एक खाच. पहिलीच नोकरी आणि बेसिक १५,००० च्या वर असेल तर सप्टेंबर २०१४ पासूनच्या नियमाने पेन्शन योजनेत तुमचं नाव जात नाही, कंपनीचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्येच यायला हवेत. पेरोलवाले कधीकधी सवयीने पेन्शनमध्ये टाकतात आणि ते कळतं खातं ट्रान्स्फर करताना. पहिल्या तीन महिन्यांतच पासबुक बघा. आधारवरचं आणि यूएएनवरचं (पीएफचा कायमचा क्रमांक) नाव अक्षर न अक्षर एकच हवं.

मूळ मार्कशीट पडताळणीला दाखवा, त्याच दिवशी परत घ्या. ठेवूनच घेणार असतील तर पोच लेखी मागा. बाँड असेल तर रक्कम किती आणि महिन्यागणिक कमी होते का, हे सहीच्या आधी विचारा. आणि पदाच्या जागी "ग्रॅज्युएट अप्रेंटिस" लिहिलेलं नाही ना, ते बघा. त्यात स्टायपेंड असतो, पीएफ नसतो, आणि वर्ष संपल्यावर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं.

नटबोल्ट

मेन्टेनन्सकडे कोणी फिरकलंच नाही. लाईन चालू असताना मोठं काम करता येत नाही, म्हणून साप्ताहिक सुट्टी आणि दिवाळीचं शटडाउन हाच मेन्टेनन्सचा सीझन. स्टाफला ओव्हरटाइम नाही, कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) मिळतो, आणि तो लवकर वापरला नाही तर बुडतो. पण पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), हायड्रॉलिक, न्यूमॅटिक हे सगळं दोन वर्षांत जितकं हाताखालून जातं तितकं असेंब्लीत जाणार नाही. ब्रेकडाउनला साहेब "पाच मिनिटांत सुरू कर" म्हणाला तरी लॉकआउटचं (मशीन चुकून सुरू होऊ नये म्हणून पुरवठा बंद ठेवणारं) स्वतःचं कुलूप लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही, आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची.

मायक्रोमीटर यांच्या माहितीत थोडी भर: क्लिक रेंच वापरून झाला की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवतात, नाहीतर आतली स्प्रिंग बसते. "टक" एकदाच वाजवायचा. खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढला की टॉर्क वाढतो. कॅलिब्रेशन १२ महिने किंवा ५,००० वेळा, जे आधी होईल ते.

सेफ्टी शूजची साईझ जॉइनिंगच्या आधीच मेल करून कळवा. मुलींच्या साईझ स्टोअरला बहुधा नसतात, मागवायला वेळ लागतो, आणि बुटांशिवाय शॉपमध्ये सोडत नाहीत.