कागदाचा देवमासा: शेपटी आडवी कशी करायची?

मदत हवी आहे. पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या शाळेत तिसरीला शिकवते. येत्या आनंददायी शनिवारी पोरांकडून घोटीव कागदाचा देवमासा करून घ्यायचाय. वर्गातल्या 24 पैकी दोघांनीच समुद्र बघितलाय. मगरीचं मात्र नाव काढायची सोय नाही, प्रत्येकाच्या घरात एक किस्सा आहे. देवमाशाबद्दल एकच गोष्ट सगळ्यांना ठाऊक: "बाई, त्याच्या उलटीला कोटी रुपये मिळतात!" (विकायला गेलं तर पोलीस आत टाकतात, हे सांगून झालं.)

लांबी मागच्या आठवड्यात दाखवली. निळा देवमासा 30 मीटरपर्यंत वाढतो, म्हणून मैदानात सुतळी ताणली, तर 26 मीटरलाच कुंपण आलं. उरलेली शेपटी पलीकडच्या उसात गेली म्हणून पोरं अजून हसतायत.

आता अडचण. मला येतो तो सोपा देवमासा: पतंगाची घडी, पुढचं टोक आत, मग लांबीत दुमडायचा आणि मागचं टोक वर वळवायचं. दिसतो छान, पण शेपटी उभी राहते, म्हणजे माशाची. देवमाशाची आडवी असते, तो ती वर-खाली मारतो, मासा डावीउजवीकडे. या एका गोष्टीसाठी तर सगळा खटाटोप. आधीच नावात मासा, त्यात शेपटीही माशाची, मग तो फुप्फुसांनी श्वास घेतो, मादी पिल्लाला दूध पाजते, हे कोण मानणार? आठ वर्षांच्या हातांना जमेल अशी आडवी शेपटी, शक्यतो कात्रीविना, कुणाला येते का? शिवाय डोक्यावर सगळे कारंजं काढणार. ते कसं समजावू?

प्रतिसाद:
बाई, कात्रीविना होते, पण त्या घड्या मोठ्यांनाही रडवतात. एक काप चालवून घ्या, ओरिगामीवाले नाक मुरडू देत. वर वळवलेल्या टोकाला घडीच्या रेषेवरच दोन बोटं काप द्या आणि दोन्ही पदर दोन बाजूंना उघडून दुमडा. झाली आडवी. कारंज्याचं म्हणाल तर थंडीत सकाळी नदीकाठी तोंडातून वाफ निघते ना, बरंचसं तेच. ते पोटातलं पाणी नव्हे, सोडलेला श्वास. त्यांना हातावर हा करायला सांगा, ऊब लागेल.

धागाकर्ती:
वहीच्या कागदावर आत्ताच करून बघितला, जमतोय! पहिल्याला काप जास्त गेला आणि पोटापर्यंत फाटला. तो आता टेबलावर मगर म्हणून ठेवलाय.