नरसिंह रावांचं परराष्ट्र धोरण: आज काय टिकून आहे?

प्रश्न: रामटेकचे खासदार राहिलेल्या रावांचं नाव निघालं की १९९१च्या आर्थिक सुधारणांवरच चर्चा थांबते. परराष्ट्र धोरणात त्यांचं ठोस काम कोणतं?

प्रतिसाद १: सोव्हिएत संघ कोसळला आणि महिनाभरात, २९ जानेवारी १९९२ला, इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. त्याच वर्षी आग्नेय आशियाई देशांच्या ‘आसियान’ गटाशी ठराविक क्षेत्रांपुरती संवाद भागीदारी, १९९५मध्ये पूर्ण दर्जा. पूर्वेकडच्या देशांशी जवळीक वाढवण्याचं आजचं ‘ॲक्ट ईस्ट’ धोरण त्याच पायावर उभं आहे.

प्रतिसाद २: माझ्या मते सर्वांत मोलाचा ७ सप्टेंबर १९९३चा चीनबरोबरचा करार. सीमेवरच्या प्रत्यक्ष नियंत्रण रेषेचा मान राखायचा, लष्करी सरावांची आगाऊ कल्पना द्यायची, सैन्य कमीत कमी ठेवायचं. गोम अशी की रेषा नेमकी कुठून जाते हे नकाशावर ठरलंच नाही. पुढे नकाशांची देवाणघेवाण झाली तीही फक्त मधल्या विभागाची. दोन्ही बाजूंची गस्त एकाच पट्ट्यात येते ती त्यामुळेच. गलवान खोऱ्यात २०२०मध्ये दोन्ही सैन्यांची चकमक घडली, तरी दोष कराराच्या हेतूचा नव्हे, अर्धवट राहिलेल्या कामाचा.

प्रतिसाद ३: जिनिव्हा, मार्च १९९४ विसरू नका! संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात काश्मीरवरच्या पाकिस्तानी ठरावाविरुद्ध भारतीय शिष्टमंडळाचे प्रमुख विरोधी पक्षनेते वाजपेयी. इराण आणि चीनची साथ न मिळाल्याने पाकिस्तानने ठराव मतदानाआधीच मागे घेतला. रावांनी सप्टेंबर १९९३मध्ये तेहरान गाठलं होतं, ते इथे कामी आलं.