तळघरातले पुराचे पाणी लगेच उपसावे की थांबावे?

प्रश्न

कोल्हापुरात शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून जवळच्या एका गल्लीत आमचे जुने दगडी घर असून त्याच्या तळघरात सध्या सुमारे चार फूट पाणी साचले आहे. आमच्या दारात रस्त्यावर पाणी आलेच नव्हते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, त्या रात्री तळघरातल्या मोरीतून काळसर पाणी वर येऊ लागले आणि पहाटेपर्यंत निम्मा जिना बुडाला. खाली धान्याची पोती, गाद्या आणि इन्व्हर्टर आहे, तर जिन्यालगतच पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी आहे. डिझेल पंप भाड्याने देणारे गृहस्थ एका दिवसात तळघर कोरडे करून देतो म्हणतात. पाणी जितके दिवस राहील तितक्या भिंती मुरतील, या काळजीने सासूबाईंचाही आग्रह आजच उपसा करण्याचा आहे. कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे की हे योग्य आहे का.

उत्तर १

ताई, मी बांधकाम क्षेत्रात काम करतो आणि माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे की आज पंप लावू नका.

आत दिसणारे पाणी शत्रू वाटत असले, तरी सध्या तेच आपल्या भिंतींना आतून टेकू देत आहे. नदी चढली की आसपासची जमीन पाण्याने भरते आणि भिंतीच्या बाहेरची माती पाण्यासह आत रेटू लागते. एक मीटर उंचीच्या पाण्याचा तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब पडतो, आणि भिजलेल्या मातीचा भार त्यात मिळतो तो वेगळा. आतले पाणी एकदम काढल्यास हा सगळा दाब एकट्या भिंतीवर येतो. जुन्या दगडी बांधकामातला चुना भिजून आधीच सैल झालेला असतो, त्यामुळे भिंतीला पोट सुटणे, दगड निसटणे किंवा खालून कोबा उचलला जाणे हे सारे उपशाच्या दिवशीच घडते, पुराच्या दिवशी नव्हे.

म्हणून आधी नदी स्पष्टपणे उतरू द्या. ती केवळ ४३ फुटांच्या खाली येऊन चालणार नाही. ३९ फुटांची इशारा पातळीही मागे पडावी आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे मिटलेले असावेत, असे माझे मत आहे, कारण दरवाजे उघडे असेपर्यंत भोगावती नदीतून पंचगंगेत पाणी येतच राहते. जवळपास आड असेल तर त्यातली पातळी रोज पाहा. जमिनीखाली काय चालले आहे ते नदीपेक्षा तोच अधिक खरे सांगतो. त्यानंतर पहिल्या दिवशी फक्त एक फूट पाणी काढा, भिंतीवर खडूने खूण करा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर गेलेले दिसले तर बाहेरचा दाब अजून कायम आहे असे समजून उपसा थांबवा. ते खुणेवरच राहिले असेल तर पुढचा फूट काढा.

जमिनीखालची टाकीही घाईने रिकामी करू नका. भोवतालची माती पाण्याने भरलेली असताना रिकामी टाकी पाण्यावर तरंगू पाहते आणि वर उचलली जाऊन तडकते.

उत्तर २

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. २०१९ साली आमच्या गल्लीतल्या एका घरात दोन पंप लावून दुपारपर्यंत तळघर रिकामे केले होते. संध्याकाळी पाणी पुन्हा तितकेच भरले आणि मागची भिंत मधोमध फुगली. आम्ही मात्र आठ दिवस थांबलो, त्यामुळे गिलावा गेला पण भिंत वाचली.

मी वायरमनचे काम करीत असल्यामुळे एक गोष्ट विशेष सांगतो. मेन स्विच बंद केला म्हणजे घरातली वीज गेली असे समजू नका, कारण इन्व्हर्टर त्यानंतरही तारांमध्ये वीज सोडत राहतो. मेन स्विच कोरड्या जागी असेल तरच, कोरड्या पायांनी उभे राहून, तो बंद करा. अन्यथा महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवून बाहेरून पुरवठा तोडून घ्या. इन्व्हर्टर पाण्याखाली असल्याने जाणकार माणसाने पाहिल्याशिवाय घरातल्या कोणीही त्या पाण्यात पाय घालू नये. पुढे उपसा करताना डिझेल पंप तळघरात किंवा जिन्यावर ठेवू देऊ नका, तो उघड्यावर ठेवून पाइप तेवढा आत सोडावा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद जागेत माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

उत्तर ३

पाणी मोरीतून काळसर आले, याचा अर्थ नदीच्या फुगवट्याने नाला उलटा वाहू लागला आणि त्याने गटाराचे पाणी आपल्या घरात ढकलले. त्यामुळे गाद्या आणि धान्य वाचवण्याचा मोह कृपया सोडा. सासूबाईंना वाईट वाटेल हे मला समजते, परंतु वाळवलेले धान्यही खाण्याजोगे राहत नाही. टाकून देण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढा, कारण पंचनामा किंवा विम्याच्या वेळी तेच उपयोगी पडतात.

गाळ ओला असतानाच काढावा, वाळल्यावर तो दगडाच्या सांध्यात घट्ट बसतो. काम करताना गमबूट आणि हातमोजे घालावेत, कारण उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पायावरच्या लहानशा जखमेतूनही शिरतो. पाण्यात उतरल्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्याबद्दल आवर्जून सांगा. टाकी रिकामी करणे सुरक्षित झाल्यावर ती घासून स्वच्छ पाण्याने भरा, हजार लिटरला सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरची निवळी त्यात ओता, बारा तासांनी ते सर्व पाणी फेकून द्या आणि मगच वापरासाठी टाकी भरा. ब्लीचिंग पावडरमध्ये फरशी धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी मोरीच्या पाइपवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह अवश्य बसवून घ्या. जमिनीतून झिरपणारे पाणी त्याने थांबणार नाही, पण गटाराचे पाणी उलटे येणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. वायरमनला बोलावून मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही तोडून घेतले असून पंपवाल्यांना नदी उतरेपर्यंत थांबायला सांगितले आहे. समोरच्या वाड्यातल्या आडाचे पाणी अजून काठापासून हातभरच खाली आहे. ते पाहून आल्यावर सासूबाईंनीही आग्रह सोडला.