मदत हवी आहे: ॲनिमेशनपटातली प्रॉप गन ओळखून द्या (अर्जंट)

घाईत_आहे
एका ॲनिमेशनपटातलं नायकाचं पिस्तूल ओळखायचंय. काळं आहे, वरून उघडं आहे, नळी दिसते. ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअर) मॉडेल करायला घेतलंय, पण नावच माहीत नाही तर मापं कुठून आणू? दोन दिवस यातच गेले. इमेज सर्च करून झालंय, तो सल्ला नको.

रीळकाप्या
चित्रपट कोणता? फ्रेम कुठाय? हाताने काढलेला की थ्रीडी?

शब्दच्छल
मुळात शीर्षकच चुकलंय. प्रॉप गन म्हणजे शूटिंगला वापरतात ती खोटी बंदूक. ॲनिमेशनमध्ये सगळंच काढलेलं, तिथे खरं काय आणि खोटं काय?

मॉडेलशीट
शब्दच्छल, ॲनिमेशनमध्ये प्रॉप डिझाइन हे स्वतंत्र काम असतं. पात्रांसारखा वस्तूंचाही तक्ता बनतो: दोन्ही बाजू, उघडलेली स्थिती, हातात धरल्यावरचा आकार. बाकीचे चित्रकार त्यावरून काढतात. ओळखताना याचा उपयोग होतो. एखादी चूक चित्रपटभर सारखीच दिसली तर ती तक्त्यातली. एकाच शॉटमध्ये दिसली तर ती त्या चित्रकाराची, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.

पी३८_झिंदाबाद
वरून उघडं, नायकाकडे, काळं. वाल्थर पी-३८. लुपिन द थर्ड, तो जपानी ॲनिमेतला चोर. धागा बंद करा.

घाईत_आहे
लुपिन नाही हो. आमच्या नायकाला दाढी आहे. चित्रपटाचं नाव माहीत नाही, म्हणून तर इथे आलो. हाताने काढलेला आहे, तीन मिनिटांचा तुकडा आहे, तोही अंधुक. फ्रेम चढत नाहीये, साइट एरर देतेय. घोडा मागे जातो तेव्हा वरचा भागही मागे जातो, हे पुरेसं आहे का?

रीळकाप्या
घोडा म्हणजे काय म्हणताय? बोटाने ओढतो तो चाप, की मागे काडतूस फोडणाऱ्या पिनेवर आपटतो तो? मराठीत दोघांनाही घोडा म्हणतात आणि काही जण अख्ख्या पिस्तुलालाच.

घाईत_आहे
मागचा. बाहेर दिसतो. चाप ओढला की आपोआप उठतो आणि पडतो.

रीळकाप्या
हे आधी सांगायचं ना. म्हणजे डबल ॲक्शन. कोल्ट १९११ बाद, तिचा घोडा आधी अंगठ्याने किंवा स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढून चढवावा लागतो. ग्लॉकला बाहेर घोडाच नसतो. वरून उघड्या स्लाइडची आणि डबल ॲक्शनची म्हणजे मुख्यतः वाल्थर पी-३८, बेरेटा ९२ आणि तिची भावंडं. काडतुसाची रिकामी पुंगळी कुठल्या बाजूला उडते?

घाईत_आहे
डावीकडे. म्हणजे धरणाऱ्याच्या डावीकडे.

उलटीपालट
मग शॉट आरशासारखा उलटवलाय. पुंगळी उजवीकडेच पडते. दिशा जुळवायला शॉट उलटवणं ॲनिमेशनमध्ये नेहमीचंच. फ्रेम आडवी फिरवा, बेरेटा ९२ मिळेल.

पी३८_झिंदाबाद
अहो, पी-३८ डावीकडेच फेकते! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

उलटीपालट
नाव सांगितलंत, कारण नाही. आणि पुंगळी कुठे पडते हे चित्रकाराच्या मनावर असतं. पुरावा द्या.

चिमटीत_मोजा
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. पी-३८ खरोखर डावीकडे फेकते, तिचा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) डाव्या बाजूला असतो. बेरेटा ९२ उजवीकडे फेकते. म्हणून डावीकडे उडणारी पुंगळी म्हणजे एकतर सुलटी पी-३८ किंवा उलटवलेली बेरेटा. हे आधी सोडवा:

शॉट उलटा आहे का ते पिस्तुलावरून बघू नका, बाकीच्या चित्रावरून बघा. पाटीवरची अक्षरं, पात्राचा भांग, चट्टा, घड्याळाचा हात, पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी वर आहे का. हे दुसऱ्या शॉटशी ताडून पाहा. दिशेचा नियम सोपा आहे: पडद्यावर नळी डावीकडे असेल तर आपल्याला पिस्तुलाची डावी बाजू दिसत असते.

मग टोकाकडे या. पी-३८ मध्ये स्लाइड आखूड, नळी पुढे चांगलीच बाहेर आलेली आणि नेमाची माशी (नेम धरायचा पुढचा उंचवटा) थेट नळीवर. बेरेटात स्लाइड जवळजवळ टोकापर्यंत जाते, वरचा भाग कापलेला असतो पण पुढे ती नळीला कडं घालते, आणि माशी त्या कड्यावर. म्हणून गोळी झाडतानाची फ्रेम बघा: स्लाइड मागे गेली आणि माशी जागेवर राहिली तर पी-३८, माशीही मागे गेली तर बेरेटा. नळीची लांबी मोजत बसू नका, दोन्हींची १२५ मिलिमीटर आहे.

काडतुसं बदलतानाचा शॉट असेल तर उत्तमच. पी-३८ चं मॅगझिन (दस्त्यातली काडतुसांची पेटी) सोडायचा खटका दस्त्याच्या तळाशी मागे असतो, दुसरा हात लागतो. नंतरच्या बेरेटा ९२एफएसचं बटण चापाच्या कड्यामागे, अंगठ्याने दाबायचं. फक्त १९७५ च्या मूळ बेरेटा ९२ चं बटणही दस्त्याच्या खालच्या भागात होतं, तेवढ्यावर फसू नका.

मॉडेलशीट
एक भर. स्लाइडची पूर्ण फेरी एक-दोन फ्रेममध्येच संपते आणि हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२ चित्रं. त्यामुळे स्लाइड मागे गेलेलं चित्रच नसेल, थेट भडका आणि मग परत बंद. तसं असेल तर माशीची खूण या शॉटमध्ये चालणार नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये ई दाबून एकेक फ्रेम पुढे न्या.

रीळकाप्या
तुकडा जुन्या एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) डीव्हीडीचा असेल तर दर पाच फ्रेमपैकी दोनांत शेजारच्या दोन चित्रांच्या ओळी एकमेकींत घुसलेल्या दिसतील, फणी फिरवल्यासारख्या. माशी दोन ठिकाणी दिसली तर ती ही फणी, माशीची हालचाल नव्हे. इनव्हर्स टेलिसिने (मूळ २४ चित्रं परत वेगळी करणं) करूनच बघा, नुसता डीइंटरलेस (फणी पुसणारा फिल्टर) तपशील खातो.

रंगारी
मॉडेलला काळा रंग देताना पूर्ण काळा देऊ नका, निळसर करडा द्या आणि कडा थोड्या उजळ ठेवा. ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर काळा थर, कडांवरूनच आधी झिजतं.

घाईत_आहे
रंगाबद्दल विचारलंच नव्हतं, पण धन्यवाद. दुकानाची पाटी सुलटी वाचता येते. दुसऱ्या शॉटमध्ये तो क्लिप काढतो, डाव्या हाताने, दस्त्याच्या तळाकडून. गोळी झाडताना एका फ्रेममध्ये स्लाइड मागे आहे आणि माशी जागेवर.

शब्दच्छल
क्लिप नव्हे, मॅगझिन. क्लिप म्हणजे काडतुसं धरणारी पत्र्याची पट्टी, माउझर सी-९६ मध्ये वरून भरतात ती.

पी३८_झिंदाबाद
पी-३८!!! मी काय म्हणत होतो?

उलटीपालट
पाटी सुलटी असेल तर मान्य. पण दस्ता कसा आहे? वाल्थरचीच दुसऱ्या महायुद्धानंतरची पी-१ बाहेरून तशीच दिसते.

चिमटीत_मोजा
फरक आहेत, पण अंधुक तुकड्यात कितपत दिसतील ते बघा. युद्धकाळातल्या पी-३८ च्या दस्त्यावर बेकेलाइटच्या पट्ट्यांना आडव्या खाचा. पी-१ ला चौकटीच्या नक्षीचा काळा प्लॅस्टिक दस्ता, सांगाडा ॲल्युमिनियमचा, आणि पुढच्या काही पी-१ मध्ये चापाच्या वर सांगाड्यात एक षटकोनी पिन आरपार दिसते. ती पिन सापडली तर पी-१ पक्की. नाही सापडली तर काहीच सिद्ध होत नाही, चित्रकार अशी पिन सहज गाळतो. मॉडेलच्या बाह्य आकारासाठी दोन्हींची मापं चालतील.

आणि मॉडेल हलवण्यासाठी ब्लेंडरमध्ये हाडं लावताना नळी वाकवू नका. १९११ मध्ये नळीचं मागचं टोक खाली झुकतं, पी-३८ मध्ये नळी आणि स्लाइड जोडून धरणारा खालचा लॉकिंग ब्लॉक पडतो आणि नळी सरळ रेषेत थोडीशी मागे जाऊन थांबते. बेरेटाने हीच रचना उचलली. म्हणजे स्लाइड, नळी, घोडा आणि चाप अशी चार वेगळी हाडं. माशी नळीच्या हाडाला जोडा, स्लाइडच्या नाही.

घाईत_आहे
माशी स्लाइडलाच जोडली होती, आत्ता तोडली. आडव्या खाचा आहेत असं वाटतंय, पण कदाचित त्या बोटांच्या सावल्या असतील. पी-३८ धरून चालतो.

रंगारी
खाचांमध्ये धुळीचा थर द्यायला विसरू नका.

शब्दच्छल
शीर्षकातलं "प्रॉप गन" अजून तसंच आहे.