हिप्पींनी येशू बदलला की पुन्हा शोधला?

टांगापलटी:
अमेरिकेतल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या हिप्पींबद्दल वाचत होतो, त्यात एक पोस्टर दिसलं. पोलिसांचं 'वॉन्टेड' पोस्टर असतं ना तसं, पण चेहरा येशूचा. वर्णन काय तर लांब केस, दाढी, पायात सँडल्स. आरोप काय तर लायसन्स नसताना औषधोपचार करणं, वाइन बनवणं, अन्न वाटणं, झोपडपट्टीत फिरणं. जाम आवडलं. काउंटरकल्चरने, म्हणजे प्रस्थापित चालीरीती झुगारणाऱ्या ह्या तरुणांनी, ख्रिस्ती शिकवणीची वाट लावली अशी जी ओरड होते ती मला पटत नाही, उलट त्यांनीच ती पहिल्यांदा नीट वाचली. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक उघडा, दुसरा आणि चौथा अध्याय, सुरुवातीचे ख्रिस्ती लोक जमीनजुमला विकून पैसे एकत्र ठेवायचे आणि ज्याला जशी गरज तसे वाटायचे. कम्यूनमध्ये, म्हणजे सगळं सामाईक ठेवून एकत्र राहायच्या वस्तीत, दुसरं काय करत होती ही पोरं? चर्चने ज्याला सोन्याच्या चौकटीत बसवलं त्याला यांनी रस्त्यावर आणला. बोला.

खडूस_काका:
पहिल्यांदा?? अहो इटलीतला संत, असिसीचा फ्रान्सिस, तेराव्या शतकाच्या सुरुवातीलाच बापाच्या कापडधंद्यावर पाणी सोडून बिशपसमोर अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून मोकळा झाला होता. 1649 ला इंग्लंडात विन्स्टन्ली आणि त्याचे डिगर्स पडीक जमीन खणायला लागले, पृथ्वी सगळ्यांची सामाईक म्हणून. तेव्हा पहिलेपणाचं राहू द्या.
मला चीड आहे ती सोयीच्या वाचनाची. बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात, परस्त्रीकडे वासनेने नुसतं पाहिलं तरी मनात व्यभिचार झाला असं आहे. घटस्फोटावरही तिथेच कडक आहे. नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही, हेही तिथेच. फ्री लव्हवाल्यांच्या, म्हणजे लग्नाबाहेरचे मोकळे संबंध मानणाऱ्यांच्या, प्रतीत ती पानं नव्हती काय? आणि 'प्रेम एवढाच नियम' म्हटलं की गाडी कुठे जाते ते बघायचं तर डेव्हिड बर्गचा चिल्ड्रन ऑफ गॉड पंथ बघा, 1968 ला कॅलिफोर्नियात ह्याच पोरांमध्ये सुरू झाला. पुढे बायकांना अनोळखी पुरुषांना नादी लावून पंथात ओढायला पाठवू लागले आणि ह्याला देवाचं प्रेम म्हणायचे, लहान मुलांचंही शोषण झालं. हेच का ते नीट वाचन?

टांगापलटी:
एका भोंदूवरून सगळ्यांना झोडपायचं ठरलं तर चर्चचाही हिशोब निघेल, काढू का?

सांजवात:
भांडा, पण दोघंही हिप्पी म्हणजे एकच गठ्ठा धरून चाललाय. जीझस पीपल म्हणून जे ख्रिस्ती झालेले हिप्पी लोक होते त्यांचं बघा. कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपल ह्या चर्चमध्ये चक स्मिथ नावाचे मध्यमवयीन पाळक, अनवाणी पोरं यायला लागल्यावर जुन्या मंडळींना नव्या कार्पेटची काळजी पडली, तेव्हा स्मिथ म्हणाले कार्पेटच काढून टाकू, अशी गोष्ट सांगतात. समुद्रात बाप्तिस्मे, गिटारवर भजनं, जून 1971 मध्ये 'टाइम' मासिकाच्या कव्हरवर रंगीबेरंगी येशू. पण शिकवण? ड्रग्ज बंद, लग्नाबाहेर संबंध नाहीत, बायबल अक्षरशः खरं, जगाचा शेवट जवळ. म्हणजे केस नवे आणि आत सगळं जुनंच. हिप्पी पोरांना तिथे ओढून आणण्यात मोठा वाटा लॉनी फ्रिस्बीचा, त्याचे पुरुषांशी संबंध होते हे कळल्यावर त्याचं नाव बरीच वर्षं दबक्या आवाजात घेतलं गेलं, 1993 ला एड्सने गेला. आज अमेरिकेत जीन्समधला पाळक आणि स्टेजवर बँड दिसतो ना, तो ह्यांचाच वारसा. बदललं काय तर वाद्यं.

टांगापलटी:
सगळ्यांना कॅलिफोर्नियात कोंबू नका हो. दुसरा गाल पुढे कर हे घ्या. वॉल्टर विंक हा अमेरिकन बायबल-अभ्यासक म्हणतो, मत्तयात मुद्दाम उजवा गाल आहे. समोरचा माणूस उजव्या हाताने उजव्या गालावर मारणार म्हणजे पालथ्या हाताने, मालक गुलामाला मारतो तसं. मग डावा गाल पुढे केला की त्याची पंचाईत, आता मारायचं तर बरोबरीच्या माणसाला मारतात तसं मारावं लागेल. म्हणजे हे मार खाणं नाही, हा प्रतिकार आहे. चर्चने गरिबाला शतकानुशतकं काय शिकवलं? सोस.

खडूस_काका:
विंक हुशार आहे, नाही कोण म्हणतंय. पण त्याच वाक्यात दुष्टाला विरोध करू नका आहे, आणि चार ओळी खाली शत्रूवर प्रेम करा. त्यात तुमची पालथ्या हाताची युक्ती कुठे बसते? गालाची गोष्ट लढण्याचा डावपेच झाली की शत्रूवरचं प्रेम गेलंच की.

सांजवात:
मग अमेरिकेतल्या कॅटन्सव्हिलच्या व्हिएतनाम युद्धविरोधी निषेधाचं काय म्हणाल काका? 17 मे 1968, नऊ कॅथलिक, त्यात बेरिगन बंधू दोघं फादर. सैन्यभरतीच्या ऑफिसातून 378 फायली बाहेर आणून घरी बनवलेल्या नापामने (चिकटून पेटणारं इंधन) जाळल्या आणि पळून न जाता तिथेच प्रभूची प्रार्थना म्हणत पोलिसांची वाट बघत उभे. मारहाण कुणाला केली नाही.
पण मला तर अमेरिकेतली कॅथलिक कार्यकर्ती डोरोथी डे जास्त अवघड वाटते, दोघांनाही न झेपणारी. 1933 पासून 'कॅथलिक वर्कर' हे वृत्तपत्र एका सेंटला विकायची, घरात बेघरांना ठेवायची, 1955 पासून न्यूयॉर्कमध्ये अणुहल्ल्याच्या सरावाचा सायरन वाजला तरी आडोशाला जायची नाही आणि त्यापायी जेलमध्ये जायची. आणि हीच बाई रोज मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला), पोपची आज्ञा मानणारी, साठच्या दशकातल्या पोरांच्या फ्री लव्हला नाकं मुरडणारी. तिने शिकवणीतलं एक अक्षर बदललं नाही हो. हिला कुठल्या खात्यात टाकता?

खडूस_काका:
माझ्या. मिस्सा, पोप, सगळं आलं की.

टांगापलटी:
अन् जेल? ती पण घ्या मग काका, अर्धी डे नका नेऊ.